अधिक करू की वजा?

"मॅडम, याला शंभरपर्यंत आकडे पाठ आहेत. उभी बेरीज-वजाबाकी हा भराभर करते. पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की नुसता माझ्या तोंडाकडे पाहून राहते."

धरमपेठेपासून महालापर्यंत, नागपूरच्या सगळ्या भागांतून येणारे पहिली-दुसरीतल्या मुलांचे पालक थोड्याफार फरकाने हीच तक्रार मांडतात आणि तिच्याआड खरी भीती असते ती आपले मूल बुद्धीने कमी तर नाही ना, याची. त्या सर्वांसाठी दुसरीतल्या एका मुलाची हकिगत येथे देत आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आपण त्याला ओंकार म्हणू.

पहिल्या भेटीत मी त्याला विचारले, "टोपलीत ९ संत्री होती. त्यांतली ४ खाल्ली. किती उरली?"

"अधिक करू की वजा?" त्याने लगेच विचारले. मी काहीच बोलले नाही, तेव्हा त्याने आईकडे पाहिले. आईची मान नकळत किंचित हलली आणि ओंकार म्हणाला, "वजा. पाच."

उत्तर बरोबर होते. मी म्हटले, "छान. आता सांग, टोपलीचं काय झालं?"

"कोणती टोपली?"

या दोन शब्दांत त्याची सगळी अडचण होती. त्याने ९ आणि ४ एवढेच ऐकले होते. संत्री, टोपली, खाणे यांतले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. आईशी बोलल्यावर कारणही कळले. 'एकूण', 'मिळून', 'जास्त' आले की अधिक आणि 'उरले', 'कमी' आले की वजा, अशी युक्ती तिने फार कळकळीने त्याच्याकडून घोकून घेतली होती. ही युक्ती घरोघरी शिकवली जाते आणि माझ्या मते शाब्दिक उदाहरणांचे सर्वांत मोठे नुकसान तीच करते. "मीनाकडे ८ संत्री आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ३ जास्त आहेत. राजूकडे किती?" येथे 'जास्त' ऐकताच युक्तीवर विसंबलेले मूल ११ सांगते, आणि उत्तर ५ असते. प्रसंग डोळ्यांसमोर आणण्याऐवजी शब्द हेरण्याची सवय लागली, की मूल पुढच्या इयत्तांतही अडखळत राहते.

पुढच्या काही भेटींत मी वही-पेन्सिल बाजूला ठेवली आणि आईला ओंकारच्या पाठीमागे बसवले. लहान मुलांचा सण, तान्हा पोळा, नुकताच होऊन गेला होता. मी गोष्ट सांगितली, पण तिच्यात एकही आकडा ठेवला नाही: "एक मुलगा लाकडी बैल घेऊन घरोघरी गेला. त्याला बोजारा मिळाला, एकेक रुपयाची नाणी. घरी आल्यावर त्यातली काही नाणी त्याने लहान बहिणीला दिली."

सवयीने तो म्हणाला, "अधिक..." आणि थांबला. अधिक करायला आकडेच नव्हते. मी विचारले, "आता त्याच्याजवळ काय झालं असेल?"

बराच वेळ तो गप्प होता. मागून आईची चुळबुळ ऐकू येत होती. मी तिला हातानेच थांबवले. मग ओंकार म्हणाला, "आधी वाढले. मग बहिणीला दिले, तर कमी झाले. पण सगळे नाही दिले." आणि लगेच, जरा रागावून, "पण मिळाले किती होते, ते तर सांगा ना!"

मुलाने आकडा स्वतःहून मागणे, हा क्षण माझ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो. तोवर आकडे त्याच्यावर लादलेले होते. आता गोष्ट पुरी करण्यासाठी ते त्याला हवे होते. मी सांगितले, १२ मिळाली आणि ५ दिली. त्याने कागदावर १२ गोल काढले, ५ खोडले आणि उरलेल्या प्रत्येक गोलावर बोट ठेवून मोजले. "सात!" या वेळी त्याने मागे वळून पाहिले नाही.

मुलाला वस्तूकडून चित्राकडे आणि चित्राकडून चिन्हाकडे जाऊ द्यावे, या विचाराची मी आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले की साधारण सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुलांना नाण्यांची तीच ओळ पसरून मांडली तर नाणी वाढली असे वाटते. अशा वयात डोळ्यांना आणि हातांना जे पटलेले नाही, ते अधिक-वजाच्या खुणांनी पटत नाही.

म्हणून घरी सुरुवात दहाच्या आतल्या संख्यांपासून करावी. संत्रे सोलण्याआधी फोडी किती निघतील याचा अंदाज विचारावा आणि मग एकेक फोड उचलून मोजू द्यावी. मोजून झाल्यावर "मग किती?" असे जरूर विचारावे, मूल पुन्हा एकपासून मोजू लागले, तर शेवटी म्हटलेली संख्या हीच एकूण संख्या असते हे त्याला अजून उमगलेले नाही असे समजावे आणि तेथेच थोडे थांबावे. मिळाले-दिले अशी उदाहरणे आधी घ्यावीत. तुलनेची उदाहरणे बरीच कठीण असतात; ती नंतर घ्यावीत, आणि तीही नाणी दोन ओळींत समोरासमोर मांडून, म्हणजे कोणाची किती नाणी जोडीविना उरली ते दिसते. "आधी किती होते?" असे उलटे विचारणारी उदाहरणे सर्वांत शेवटी. बोटांवर मोजण्याला मनाई करू नये. मुलाने उत्तर देताच, ते बरोबर असले तरी, "कसं काढलंस?" असे विचारावे, आणि तो सांगत असताना आपला चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवावा.

घाई तर मुळीच नको. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानेही मूलभूत संख्याज्ञानासाठी तिसरीच्या अखेरपर्यंतचा काळ धरला आहे. मात्र काही महिने असा सराव करूनही मूल पाच-सात वस्तू एकेक करून मोजताना सतत चुकत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि मग बालविकास तज्ज्ञांना दाखवावे.