मुलांना मेंढपालन आणि लोकर कशी समजावून सांगावी?

मुलगी चौथीत आहे, शाळेनं ‘लोकर कशी मिळते’ हा प्रकल्प दिलाय, तुम्ही शहरात राहता. तिला काय दाखवावं आणि एवढ्या लहान वयात मेंढ्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, न्यावं का, असं विचारलंय. न्या. सहा-सात वर्षांच्या पुढचं कुठलंही पोर चालतं. पण वहीत मेंढीचं चित्र काढून त्यावर कापूस चिकटवायला लावू नका. कापूस झाडाला येतो. लोकर शिकवायची म्हणून पोराच्या हातात कापूस देतात, तेव्हा मला खरंच राग येतो.

आमच्या घरात दख्खनी मेंढरं आहेत. दिवाळी झाली की वाडा घाट उतरून कोकणात जातो. भात निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य नाहीतर पैसे मिळतात. पावसाच्या आधी परत माणदेशात. कोकणातल्या पावसात ही मेंढी टिकत नाही, ओलीनं खूर सडतात. पुस्तकात हिरव्या कुरणावरची पांढरीशुभ्र मेंढी असते. आमची काळी आणि काटक असते, वाळलेल्या गवतावरही दिवस काढते.

माझा थोरला भाऊ नोकरीला शहरात आहे. त्याचं म्हणणं एकच, पोरांना वाड्यावर न्यायचं नाही. “आपण यातनं बाहेर पडलो ते परत त्यात जायला का?” तरी एका मे महिन्यात मी पुतण्याला घेऊन गेलो. कातरणीचे दिवस होते. आईनं त्याला काही समजावून सांगितलं नाही, सरळ कामाला लावलं. संध्याकाळी मेंढरं चरून आली की वाघरीतली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली, कोकरं सोडायची, हे त्याचं काम. सगळा कळप एकदम ओरडतो, कुणाचं कोण काही कळत नाही असं वाटतं, आणि दोन-चार मिनिटांत प्रत्येक कोकरू आपल्या आईच्या कासेला लागलेलं असतं. मेंढी कोकराच्या शेपटीकडे हुंगते. वास जुळला तर पिऊ देते, नाहीतर ढुशी मारून बाजूला करते. पुतण्यानं मुद्दाम एक कोकरू दुसऱ्या मेंढीकडे नेऊन पाहिलं. तिनं उडवून लावलं. “आजी, हिला कसं कळलं?” हा त्याचा पहिला प्रश्न. तोवर तो नाक दाबून उभा होता.

दुसऱ्या दिवशी कातरणी. मेंढरं आधी ओढ्यात धुऊन वाळवलेली होती. पाय बांधून आडवी केली की आबा पोटाकडून कात्री घालतात, कातडीला धक्का न लावता. लोकर एकसंध सुटत जाते. पुतण्याला तिच्यातले काटे नि गोखरू वेचायला बसवलं. दुपारी त्यानं हात दाखवले, मऊ आणि तुपकट झालेले. ते मेंढीच्या अंगचं मेण. साबण-मलमांत लॅनोलिन म्हणून पडतं ते हेच. कोकराची पहिली लोकर आईनं वेगळी ठेवली होती. तिला जावळ म्हणतात, ती सगळ्यांत मऊ. दोन्ही हातांत धरून त्यानं स्वतःच फरक सांगितला. मग पिंजण, मग सूत. चरख्यावर त्याचा धागा सारखा तुटायचा. आई म्हणायची, “पीळ कमी पडतोय,” आणि पुन्हा चाक त्याच्या हातात द्यायची. घोंगडी सनगर समाजाचे विणकर विणतात. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात म्हणून ती कडक लागते. हे सगळं त्यानं वहीत लिहिलं, चित्रातली मेंढी काळी रंगवली आणि खरी लोकर चिकटवली. शाळेत शेरा मिळाला: लोकर पांढरी असते, चित्र सुधारा.

भाऊ म्हणाला, “बघ.” मी आजही म्हणतो, चुकलं ते शेरा मारणाऱ्याचं. पोरानं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं.

वाड्यावर जमलं नाही तर घरी एवढं करा. कच्ची लोकर मिळवा, गरम पाण्यात साबण घालून मुलीला तळहातांत चोळू द्या. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि न विणता कापडासारखा तुकडा होतो. आमच्याकडे जेन, म्हणजे अंथरायचं जाड लोकरी कापड, याच रीतीनं बनतं. दुसरं, लोकरीचा एक धागा आणि बाजारातल्या स्वेटरचा एक धागा चिमट्यात धरून तुम्ही जाळा, तिला लांबून बघू द्या. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. स्वेटरवर लिहिलेलं खरं की खोटं, तिला तिथंच कळेल.

आणि तिनं विचारलंच तर खरं सांगा, मेंढरं आज मुख्यतः मटणासाठी पाळतात. दख्खनी लोकर जाड भरड, तिला भाव नाही. कातरणीची मजुरीसुद्धा तिच्यातून सुटत नाही. म्हणून बरेच जण अंगावर लोकर कमी आणि वजन जास्त अशा मडग्याळ मेंढीकडे वळले. पोरं हे ऐकून मोडत नाहीत. लपवलेलं मात्र त्यांना बरोबर कळतं.

मेंढरात शिकण्यासारखं काय आहे, असं भाऊ विचारतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. हे विज्ञान नाही तर काय? वाडा पाहिलेलं पोर मेंढरामागेच जाईल असं कुठं आहे? ते उद्या जनावरांचं डॉक्टर होईल, नाहीतर रस्त्यानं कळप चालला असता गाडीचा भोंगा वाजवत बसणार नाही. तेवढं झालं तरी मला पुरे.

भावाचं एक मात्र खरं, ते मीही मानतो. वाड्याबरोबर फिरताना आमच्या बहिणींची शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा मुलीला ‘किती छान मोकळं आयुष्य’ असलं काही शिकवू नका.

जायचंच तर दिवाळीनंतर घाटाखाली किंवा पुण्याच्या आसपास वाडे उतरलेले दिसतात. ज्याच्या शेतात बसलेत त्याला आणि वाड्यातल्या बायांना विचारून जा. कुत्री अनोळखी माणसाला सोडत नाहीत, हाक मारून लांबच थांबा. मेंढ्याच्या समोर मुलीला उभं करू नका, तो टक्कर देतो. घरात कुणी गरोदर असेल तर व्यायच्या दिवसांत तिला आणू नका, मेंढ्यांपासून संसर्ग होऊ शकतो. परतल्यावर साबणानं हात धुवा, अंगावर गोचीड बघा. वाड्याची भीती वाटत असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाची दहिवडी, रांजणी इथं प्रक्षेत्रं आहेत, तिथं आधी विचारून घ्या. आणि प्रकल्पात मेंढी काळीच रंगवा. शाळेनं शेरा मारला तर वहीत चिकटवलेली लोकर दाखवायला तुम्ही स्वतः जा.