पुढची ओळ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

धर्मग्रंथ श्रद्धेनं वाचू की शंकेनं, असं तू विचारलंस. मी म्हणेन, आधी ओळीवर बोट ठेवून वाच, नुकतं अक्षर लागलेलं मूल वाचतं तसं. श्रद्धाळू आणि शंकेखोर, दोघंही ही पायरी गाळतात आणि मग ग्रंथात नसलेल्या गोष्टीवरून हमरीतुमरीवर येतात.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त काढ. अंत्यविधीचं आहे. सातव्या ऋचेत काही स्त्रियांनी 'अग्रे', म्हणजे सर्वांच्या आधी, पुढे व्हावं असं सांगितलंय. या स्त्रिया 'अविधवा' आहेत, नवरे हयात असलेल्या. डोळ्यांत अंजन घातलेल्या, न रडणाऱ्या. पुढे केव्हातरी 'अग्रे'चं 'अग्ने' झालं, आणि हीच ऋचा सतीप्रथेला वेदाचा आधार म्हणून दाखवली जाऊ लागली. 'र'च्या जागी 'न', एवढाच फरक. हे कुणी मुद्दाम केलं की नक्कल करताना हातून झालं, यावर बराच वाद झालाय. मला मात्र दुसरंच काहीतरी टोचतं. 'अविधवा' हा शब्द त्याच ऋचेत शाबूत होता. आणि लगेच पुढची, आठवी ऋचा मृताशेजारी पडलेल्या बाईला म्हणते, 'उदीर्ष्व नारि अभि जीवलोकम्'. बाई, ऊठ, जित्या माणसांच्या जगात ये. पुढची ओळ वाचायला कुणी बंदी केली होती का?

केली होती. जिच्या जिवाचा प्रश्न होता, तिलाच वेद वाचायचा अधिकार नव्हता. म्हणून 'तुला काय कळतंय, तू कशाला विचारतोयस' असं कुणी दटावलं, की मला ती बाई आठवते. बरं, दटावणाऱ्यांना परंपरेचीही साथ नाही. मंत्रांना अर्थच नसतो, असं म्हणणारा कौत्स आपल्याला माहीत आहे तो यास्काच्या निरुक्तामुळे, म्हणजे वेदातल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथामुळे. यास्कानं त्याचे आक्षेप एकेक करून नोंदवले आणि मग उत्तर दिलं, की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. उत्तर फटकळ आहे खरं, पण प्रश्न गाळला नाही. आणि शंकराचार्य तर गीताभाष्यात सरळ म्हणतात, अग्नी थंड असतो असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही.

आणखी एक सवय लाव. वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते बघ. 'गीतेत म्हटलंय' असं म्हणून लोक वर्णसंकराचा, म्हणजे वर्णांच्या सरमिसळीचा, श्लोक फेकतात. पहिल्या अध्यायातला एकेचाळिसावा. तो कृष्ण बोलत नाही. लढायचं टाळण्यासाठी कारणं शोधणारा अर्जुन बोलतोय. आणि दुसऱ्या अध्यायात कृष्ण त्याला सुनावतो की शोक करतोस आणि वर 'प्रज्ञावाद' बोलतोस, पंडिताच्या गोष्टी सांगतोस. (कृष्णही पुढे एकदा संकराचं नाव घेतो. कुठे आणि कशासाठी, ते तूच शोध.) बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातही हेच होतं. ईयोबाच्या मित्रांची भाषणं इतकी धार्मिक आहेत की आजही लोक ती देवाचं वचन म्हणून ऐकवतात. शेवटी देव त्याच मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोबानं काय केलं होतं? देवालाच जाब विचारला होता.

संहिता तपासणं म्हणजे अश्रद्धा, असं वाटत असेल तर एकनाथांकडे बघ. 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून प्रत शुद्ध केली, आणि वर बजावलं की यापुढे कुणी आपली ओवी यात घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी. शुद्ध करणारा निस्सीम भक्तच होता.

आता तुझा अवघड प्रश्न. नीट वाचूनही खटकलं तर? खटकू दे. संदर्भाची चादर ओढून प्रत्येक वचन झाकायची घाई करू नकोस. ती हौस मला तरुणपणी फार होती. प्रत्येक कडू ओळीला मी एक गोड अर्थ चिकटवत असे, आणि त्याला अभ्यास म्हणत असे. काही ओळी संदर्भ कळल्यावर उलट जास्तच बोचतात. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली गेली. त्यामागे न वाचणाऱ्याचा राग नव्हता. त्या ग्रंथात काय लिहिलंय हे बाबासाहेबांना पुरतं ठाऊक होतं. नाकारायचं तरी वाचून नाकार.

सुरुवातीला गीतेतला नवव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक घे. 'पापयोनयः', म्हणजे पापयोनीत जन्मलेले, हा शब्द स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांचं विशेषण आहे की तो वेगळाच गट आहे? शंकराचार्य पहिला अर्थ घेतात, टिळक गीतारहस्यात दुसरा. दोघांना शेजारी ठेव, मूळ श्लोकावर बोट ठेव, आणि कुणाची वाट व्याकरणातून जाते नि कुणाची सोयीतून, ते मला कळव. माझं मत मी आत्ता सांगत नाही. तुझं पत्र आल्यावर बोलू.

तुझा,
जुना वाचक