पहिला बिल्डर हातानं लिही

भावा, शिरोलीच्या फौंड्रीसाठी तू जावात लिहिलेला ऑर्डरचा क्लास बघितला. कन्स्ट्रक्टरला नऊ आर्ग्युमेंट्स, त्यातल्या चार नुसत्या स्ट्रिंग. ग्रेड आणि पॅटर्न नंबरची अदलाबदल झाली तरी कंपायलर गप्प बसणार. इथं बिल्डरच पाहिजे, म्हणजे एकेक फील्ड नावानं भरून शेवटी ऑब्जेक्ट तयार करून देणारा मदतनीस क्लास.

पण पहिला बिल्डर हातानं लिही. आत स्टॅटिक क्लास, प्रत्येक फील्डला एक मेथड जी बिल्डरच परत देते, शेवटी बिल्ड. तासभर जाईल, जाऊ दे. मग लॉम्बॉक या जावाच्या लायब्ररीचं बिल्डर अ‍ॅनोटेशन लाव. तोच कोड कंपाइल होताना तयार होतो. डीलॉम्बॉक करून, म्हणजे तो तयार झालेला कोड उघडा काढून, एकदा वाच.

आता खरी गोम ऐक. फील्डपुढं ‘नग = 1’ लिहिलंस तरी बिल्डर ते धरत नाही, न दिलेला नग शून्य होतो. कंपायलर वॉर्निंग देतो, पण ती वाचतंय कोण? मी नाही वाचली, आणि रात्रभर शून्य नगाच्या ऑर्डरी शोधत बसलो. त्या फील्डवर बिल्डर डॉट डिफॉल्ट लावायचं. सक्तीच्या फील्डवर लॉम्बॉकचं नॉन-नल लाव. तरी फील्ड राहिल्याची चूक प्रोग्रॅम चालतानाच कळेल, कंपाइल करताना नाही.

जेपीएच्या एंटिटीवर, म्हणजे डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासवर, नुसता बिल्डर लावलास तर रिकामा कन्स्ट्रक्टर जातो आणि ती जोडणी सांभाळणारं हायबरनेट अडतं. नो-आर्ग्ज आणि ऑल-आर्ग्ज, दोन्ही कन्स्ट्रक्टरची अ‍ॅनोटेशन्स सोबत लाव. इनहेरिटन्स असेल तर बिल्डरऐवजी लॉम्बॉकचा सुपरबिल्डर, तोही पेरेंट आणि चाइल्ड दोन्हींवर.

दोन-तीन फील्डच्या क्लासला यातलं काही लावू नकोस. रविवारी राजारामपुरीत भेटू, हातानं लिहिलेला बिल्डर घेऊन ये.