ऐंशी टक्के, पण कशाचे?

प्रश्न: वय 28, पुण्यात नोकरी, शिल्लक साडेतीन लाख. एका परदेशी ऑनलाइन प्रॉप फर्मचं (कंपनीच्या पैशांवर ट्रेडिंग करू देणाऱ्या फर्मचं) चॅलेंज, म्हणजे पात्रता चाचणी, 45,000 रुपयांत आहे. खातं 1,00,000 डॉलरचं, नफ्यात माझा वाटा 80 टक्के. दुसरीकडे मुंबईतल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात दोन लाख डिपॉझिट, महिना 6,000 टर्मिनल चार्ज (ट्रेडिंगच्या कॉम्प्युटरचं भाडं) आणि 70 टक्के वाटा. स्वस्त कोणतं?

उत्तर: तुम्ही 80 आणि 70 ची तुलना केलीत. मी आधी तोटा कोणाच्या खिशातून जातो ते बघेन.

ऑनलाइनवाल्यांच्या अटी तुम्ही पाठवल्यात: एकूण तोट्याची मर्यादा 10 टक्के, दिवसाची 5. म्हणजे लाख डॉलर हा आकडा पाटीवरचा. तुमच्या हातात खेळायला आहेत 10,000. टार्गेट पहिल्या टप्प्यात 10 टक्के, दुसऱ्यात 5. निव्वळ नाणेफेक करणारा माणूसही पहिला टप्पा दोनात एकदा आणि दुसरा तिनात दोनदा पार करेल, म्हणजे दोन्ही मिळून तिनात एकदा. स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक) आणि दिवसाची मर्यादा धरली की त्याहून कमी. नापास होणाऱ्यांची फी कंपनीकडेच राहते, आणि बऱ्याच ठिकाणी पास झाल्यावरही खातं डेमोच, म्हणजे नकली पैशांचं, असतं. मग पेआउट कुठून येतो, याचा अंदाज तुम्हीच करा.

शिवाय फॉरेक्सच्या (परकीय चलनाच्या सौद्यांच्या) मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यापोटी ठेवायच्या रकमेसाठी, परदेशात पैसे पाठवायला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) परवानगी नाही. चॅलेंज फी म्हणजे मार्जिन नव्हे, असं म्हणता येईल. पण तो वाद बँकेशी तुम्ही कशाला घालत बसता?

मुंबईचा हिशेब कागदावर मांडू. एका महिन्यात 50,000 नफा, पुढच्या महिन्यात 40,000 तोटा. नफ्यातले तुम्हाला 35,000. तोटा मात्र सगळा डिपॉझिटमधून, त्यावर दोन महिन्यांचे 12,000 चार्ज. ट्रेडिंगमध्ये 10,000 कमावूनही तुम्ही 17,000 नी मागे आणि ऑफिस 27,000 नी पुढे! हिशेब दर महिन्याऐवजी दोन्ही महिन्यांचा एकत्र झाला असता तर वाटा 7,000 आला असता, तरी चार्ज वजा जाता पाच हजारांचा खड्डा. ‘मागचा तोटा भरून निघेपर्यंत वाटणी नाही’ असं लिहून घेतलंत तरी चार्जचा खड्डा राहतोच.

आणि एक खटकतं. ब्रोकरचं प्रो (प्रोप्रायटरी) अकाउंट त्याच्या स्वतःच्या पैशांसाठी असतं. तुमच्या डिपॉझिटवर तोटा वळता होत असेल तर तुम्ही खरं तर ग्राहक आहात, फक्त ग्राहकाचं संरक्षण नसलेले. डिपॉझिट परत मिळालं नाही तर दाखवायला काय, एक साधी पावती?

खरं प्रॉप डेस्क पगार देतं, डिपॉझिट मागत नाही. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2023-24 मध्ये एफअँडओत (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) प्रॉप ट्रेडरांचा ढोबळ नफा सुमारे 33,000 कोटी होता, आणि त्यातला 96 टक्के अल्गोतून, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमने आपोआप केलेल्या सौद्यांतून, आला. त्या वर्षापर्यंतच्या तीन वर्षांत तुमच्याआमच्यासारखे 93 टक्के तोट्यात गेले. तुम्हाला पायथॉन (असे प्रोग्रॅम लिहायची भाषा) येतं असं तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय. मला पत्रातली तीच ओळ महत्त्वाची वाटली.

दोन्ही ठिकाणी पैसे भरू नका. साडेतीन लाखांपैकी सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढा. हात शिवशिवतच असतील तर उरलेल्यातले 30,000 स्वतःच्या ट्रेडिंग खात्यात ठेवून, फक्त कॅशमध्ये (पूर्ण पैसे देऊन शेअर घेत), वर्षभर रोजची नोंद ठेवा. नफा झाला तर शंभर टक्के तुमचा. पगारी डेस्कच्या मुलाखतीला जाल तेव्हा ती वही सोबत न्या.