बीकॉम झालेल्या ऑटिस्टिक मुलाला पुण्यात नोकरी का मिळत नाही?

काम येत नाही म्हणून नाही हो, बहुतेक वेळा मुलाखतीतच गाडी अडते. माझ्या भाच्याचं सांगते, टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, एकदम पक्कं, एन्ट्रीत एका पैशाचा फरक असला तरी शोधून काढतो, पण समोरच्याने "स्वतःबद्दल काहीतरी सांगा" म्हटलं की नेमकं काय सांगायचं हेच त्याला कळत नाही आणि तो टेबलाकडे बघत बसतो. झालं, कम्युनिकेशन वीक म्हणून नापास. अरे त्याला अकाउंट्सला घेताय ना, मग एक तास व्हाउचर देऊन बघा की!

दुसरं म्हणजे प्रवास. हिंजवडीला जायचं तर गच्च भरलेली बस, हॉर्न, धक्काबुक्की, ऑफिसात पोचेपर्यंतच पोरगं थकून जातं. वेळ थोडी पुढे-मागे केली तरी खूप फरक पडतो.

कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुदिव्यांग या सगळ्यांत मिळून. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा. खाजगी कंपन्यांना आरक्षणाची सक्ती नाही, पण समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांना कामावर काय सोयी देणार ते लेखी, ठेवावंच लागतं. ते मागून घ्या आणि मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी द्या असं मेलवरच सांगा, लाजू नका.