‘फेसलिफ्ट’ला मराठीत ‘कायापालट’ म्हटलं तर चालेल का?

इमारतीच्या किंवा गाडीच्या फेसलिफ्टबद्दल लिहिताना ‘कायापालट’ हा शब्द बसतो का, असं तुम्ही विचारलंय. नाही बसत. काया म्हणजे अख्खं शरीर. ते मुळापासून बदललं तर कायापालट. फेसलिफ्टमध्ये बदलतो तो दर्शनी भाग. त्याला मराठीत ‘रूपडं पालटणं’ हा अस्सल शब्दप्रयोग आहे, आणि काम फक्त ब्रश-रोलरचं असेल तर सरळ ‘रंगरंगोटी’ म्हणा.

उत्तर खरं तर इथे संपतं. पण याच शब्दावरून मी एकदा वाद घातला होता आणि माघार घेतली होती, म्हणून पुढचं लिहितेय.

मी आमच्या सोसायटीची चार वर्षं सचिव होते. नोटिसा काढणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. इमारत जुनी, बाहेरून काळवंडलेली. ठेकेदाराने दरपत्रक दिलं, त्यात इंग्रजीत फेसलिफ्ट असा शब्द होता. खाली कामं लिहिलेली: भिंती धुणं, भेगा भरणं, पुट्टी, प्रायमर, बाहेरच्या रंगाचे दोन हात. बस. अध्यक्षांनी नोटिशीचा मजकूर सांगितला, ‘इमारतीचा कायापालट करण्याबाबत विशेष सभा’. मी म्हटलं, हे रंगकाम आहे, रंगकाम लिहू या. ते म्हणाले, “अहो मॅडम, शब्दावर काय अडून बसलाय? लोकांना उत्साह वाटला पाहिजे ना. शब्दाने काय होतं?” समितीतले बाकीचेही तेच म्हणाले. मी सही केली.

तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या गॅलरीच्या छताला लांब भेग होती आणि तिच्या कडेने तपकिरी डाग उतरला होता. तो डाग म्हणजे आतली सळई गंजल्याची खूण. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सळई आतून फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. हातोडीने हलकेच ठोकलं की चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी ढबढब. मी स्वतः ठोकून पाहिलं होतं, वीतभर रुंदीचा पट्टा ढबढब वाजत होता. अशा ठिकाणी सुटलेलं काँक्रीट फोडून काढायचं, सळई घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लावायचं, मग नवीन मॉर्टर भरायचा. सळई फारच झिजली असेल तर जोडीला दुसरी टाकायची. हे सगळं झाल्यावर रंग. दरपत्रकात यातलं एकही काम नव्हतं.

काकूंनी नोटीस वाचली, सभेला आल्या आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. भेगेत पुट्टी भरली गेली, वरून रंगाचे दोन हात बसले, छत पांढरंशुभ्र झालं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या छताचा मोठा तुकडा वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला. काकू तेव्हा आत होत्या म्हणून वाचल्या. मी वर गेले तेव्हा एक तुकडा अजून लोंबत होता, नुसत्या रंगाच्या पापुद्र्याला धरून. रंग इतका चांगला होता की गिलावा सुटला तरी तो फाटला नव्हता. काकू म्हणाल्या, “ताई, तुम्ही कायापालट लिहिलं होतंत ना? मग माझं छत त्यात कसं नव्हतं?” त्या भांडत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही.

अध्यक्ष पुढे म्हणाले की दरपत्रक सगळ्यांना उपलब्ध होतं, वाचायचं होतं. दरपत्रक इंग्रजीत होतं. काकूंनी मराठी नोटीस वाचली आणि मराठी शब्दावर विश्वास ठेवला. त्यांची यात काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

आता मूळ शब्दाकडे. फेसलिफ्ट आला शस्त्रक्रियेतून. कानाजवळ छेद देऊन कातडी सैल करतात, तिच्याखालचा थर वर ओढून घट्ट करतात, जास्तीची कातडी कापून टाकतात. गाल, जबडा, गळा यांचं लोंबणं कमी होतं. कपाळ आणि पापण्या त्यात येत नाहीत, त्यांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या. वय पुढे चालूच राहतं. गाड्यांच्या धंद्यातही तसंच: मॉडेल येऊन काही वर्षं झाली की बंपर, ग्रिल, दिवे, चाकांची डिझाइन बदलतात. दरवाजे आणि छप्पर बहुधा तेच राहतात, कारण ते पत्रे दाबायचे साचे फार महाग. शेजारी जुनी गाडी उभी करून दरवाजे बघा, लगेच कळतं. तिथे ‘फेसलिफ्ट’ असंच लिहा, वाचकाला तो शब्द माहीत असतो, भाषांतराची गरज नाही.

‘चेहरामोहरा बदलणे’ मात्र जपून वापरा. शब्दात चेहरा आहे म्हणून तो फेसलिफ्टला जुळेल असं वाटतं, पण मराठीत त्याचा अर्थ बराच मोठा होतो. शहराचा चेहरामोहरा बदलला म्हणजे रस्ते, वस्ती, धंदे सगळंच बदललं. ‘जीर्णोद्धार’ मोडकळीला आलेलं पुन्हा उभं करण्यासाठी, तोही मुख्यतः देवळाचा. ‘डागडुजी’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, पण दुरुस्तीच. रंगरंगोटीत दुरुस्ती धरलेली नसते. आणि ‘नूतनीकरण’ हा सरकारी शब्द परवान्यापासून पुलापर्यंत कशालाही चालतो, त्यामुळे नेमकं काय करणार ते त्यातून कळतच नाही. मी तो टाळते.

हो, एक सांगायचं राहिलं. रंगरंगोटी हा शब्द दोष झाकण्याच्या अर्थानेही येतो, त्यामुळे चांगल्या रंगकामाला तो लावला तर काम करणाऱ्याला बोचू शकतो. तिथे ‘रंगकाम’ म्हणा. बाहेरचा चांगला रंग भिंतीत पाणी मुरण्यापासून वाचवतो, त्याला कमी लेखायचं कारण नाही. आणि गाड्यांच्या फेसलिफ्टमध्ये कधीकधी इंजिन किंवा सुरक्षेची साधनंही बदलतात, तेव्हा मी वर दिलेला अर्थ तोकडा पडतो.

पण तुम्ही नोटीस, निविदा किंवा जाहीर पत्रक लिहीत असाल, तर कायापालट लिहूच नका, कुणी कितीही म्हणालं तरी. त्या जागी कामांची नावं लिहा. छत पडल्यानंतरची नोटीस मी लिहिली: ‘सळया गंजलेल्या सर्व जागांचं काँक्रीट काढून दुरुस्ती, त्यानंतर गिलावा, त्यानंतर रंग.’ खाली मजल्यानुसार जागांची यादी. अध्यक्ष म्हणाले, फार लांबलचक झाली. काकूंनी ती फलकासमोर उभं राहून बोट फिरवत वाचली, तिसऱ्या मजल्याच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, “हं, हे माझं.”