५७५, ७४४ की ५०४५? आधी हप्त्याचा महिना ठरवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. स्वतःचं ११ एकर आणि लहान भावाचं ६, असं १७ एकर वावर एकत्रच वाहतात. कपाशी, सोयाबीन, तूर, पाणी असलं तर थोडा हरभरा. दरसाल ट्रॅक्टरवाल्याला ६८ हजार द्यावे लागतात, त्यातही पेरणीच्या वेळी तो चार दिवस उशिरा येते. म्हणून आता घरचाच ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतात. महिंद्रा ५७५ डीआय, स्वराज ७४४ एफई आणि जॉन डियर ५०४५ डी असे तीन पाहून ठेवले, तिन्हीचे कोटेशन साडेसात ते सव्वाआठ लाखाच्या मधात. हातात कापसाचे १ लाख ६० हजार आहेत, पीक कर्जातले लाखभर टाकू म्हणतात, बैलजोडी विकायचाही विचार आहे. प्रश्न एवढाच की तिघांपैकी कोणता घेऊ.

भाऊ, तुम्ही पाठवलेली तिन्ही पुस्तकं पाहिली. खरं सांगू का, या तिघांत तुमच्या खिशाला जाणवेल असा फरक फार थोडा आहे. तिन्ही ४५ ते ५० एचपीतले, तिन्हीची लिफ्ट म्हणजे मागचं अवजार उचलायची ताकद १५०० किलो नाहीतर त्याच्या वर, ब्रेक तिन्हीला ऑइलचे मिळतात. ५७५ चार सिलिंडरचा आणि बाकी दोन तीन सिलिंडरचे यावर पानठेल्यावर दोन तास वाद होऊ शकते, पण इंजिन तिन्हीचं ३००० सीसीच्या पुढंमागंच आहे, मग सिलिंडर मोजून काय करता. आणि महिंद्रा चांगला की स्वराज हे भांडण तर घरातल्या घरातलंच आहे, काहून की २००७ मध्येच महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्स म्हणजे स्वराजवाली कंपनी घेतली.

पाहायचंच असेल तर पीटीओ पाहा, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट. रोटावेटर आणि थ्रेशर इंजिनच्या एचपीवर नाही चालत, मागच्या शाफ्टवर जी ताकद पोहोचते तिच्यावर चालते. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिथल्या टेस्ट रिपोर्टमध्ये पीटीओची ताकद, डिझेल किती खाते, लिफ्ट किती उचलते सगळं मोजून लिहिलेलं राहते. डीलरला म्हणा बुदनीचा रिपोर्ट दाखव. सेल्समन पुस्तकातलं चित्र दाखवून “मायलेजचा राजा” म्हणते, त्याला काही अर्थ नाही, रिपोर्टमधला डिझेलचा आकडा तिघांचा शेजारी शेजारी लिहा आणि मग बोला.

तुमच्या मेहुण्याने ५५ एचपीचा घ्या म्हटलंय, ते मात्र डोक्यातून काढा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, त्यामुळे तिथं सीआरडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिकवर डिझेल सोडणारं इंजिन, सेन्सर, कंट्रोल युनिट आलं आणि किंमत चढली. सेन्सर बिघडला तर गावचा मिस्त्री पाना घेऊन नुसता पाहत बसणार, आणि ते बिघडते ते नेमकं पेरणीतच. १७ एकराला आणि सहा फुटी रोटावेटरला ४७-४८ एचपी पुरते, भारी काळ्या जमिनीत सुद्धा.

आता पैशावर येतो, कारण तुमचा खरा फायदा-तोटा इथं आहे आणि याबद्दल तुम्ही एक ओळही विचारली नाही.

तुमचं कोटेशन फक्त ट्रॅक्टरचं आहे. ट्रॅक्टर एकटा वावरात जाऊन काय करणार? रोटावेटर लाखाच्या वर, मग पलटी नांगर, पेरणी यंत्र, कल्टिव्हेटर, ट्रॉली, सगळं घ्यायला बसले तर तीन-साडेतीन लाख सहज उडते. म्हणून पहिल्या वर्षी ट्रॅक्टर आणि रोटावेटर एवढंच कर्जात घ्या, बाकीचं शेजाऱ्याशी बोलून भाड्याने चालवा. ट्रॉली तर सगळ्यात शेवटी. म्हणजे ट्रॅक्टर ७ लाख ६० हजार धरा, तुमचे १ लाख ६० हजार भरले की ६ उरले, रोटावेटर मिळून ७ लाखाचं कर्ज.

या ७ लाखावर पाच वर्षं, सहा महिन्याला एक असे दहा हप्ते. सरकारी बँकेने १० टक्क्याने दिलं तर हप्ता बसते जवळपास ९० हजार ६५० चा, एकूण भरणा ९ लाख ६ हजार. फायनान्स कंपनीने १५ टक्क्याने दिलं तर हप्ता १ लाख २ हजार, एकूण १० लाख २० हजार. फरक १ लाख १४ हजारावर गेला, आणि इकडं आपण ५७५ मध्ये आणि ७४४ मध्ये वीस हजाराचा फरक आहे म्हणून महिनाभर झोप घालवून राहिलो.

त्यातही एक गंमत आहे, नीट वाचा. शोरूममधला फायनान्सवाला म्हणेल “फक्त ९ टक्के”. विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या ७ लाखावरच पाचही वर्षं व्याज, तुम्ही अर्धं फेडलं तरी. ७ लाखाचे ९ टक्के ६३ हजार, गुणिले पाच, ३ लाख १५ हजार व्याज. एकूण १० लाख १५ हजार. म्हणजे त्याचे ९ टक्के हे बँकेच्या भाषेत १५ टक्केच झाले! १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला केएफएस नावाचं एक पत्रक द्यावं लागते, तुम्हाला समजते त्या भाषेत, आणि त्यात एपीआर म्हणजे सगळा खर्च धरून वर्षाचा खरा व्याजदर लिहावा लागते. सही करायच्या आधी ते मागा. जो देताना टाळाटाळ करते त्याच्याकडून उठून या. बँक वेळ लावते, सातबाऱ्यावर बोजा चढवते, भावाचं वावर तारण लागलं तर भावाचीही सही लागते, कटकट आहे मान्य. पण लाखाच्या वरच्या फरकासाठी चार चकरा माराव्या.

आता हप्त्याचा महिना. आपल्याकडं पैसा येते कधी? सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, कापूस डिसेंबर-जानेवारीत, तूर आणि हरभरा फेब्रुवारी ते एप्रिल. आणि पैसा जाते कधी, तर जूनमध्ये, बियाणं, खत, मजुरी, पोरांच्या शाळा सगळं एकदमच. फायनान्सवाला त्याच्या सिस्टिमप्रमाणे डिलिव्हरीपासून सहा महिने मोजून तारीख टाकते, म्हणजे पाडव्याला ट्रॅक्टर काढला तर हप्ते मार्च आणि सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये कपाशीवर फवारा चालू राहते, घरात एक रुपया राहत नाही. मग हप्त्यासाठी सावकार, नाहीतर सोयाबीन ओलं असतानाच व्यापाऱ्याला देणं. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, पण घाईत ओला माल विकणाऱ्याला तो भाव कोण देते? म्हणून बँकेत बसून सांगा, एक हप्ता जानेवारी, दुसरा एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या सुरुवातीला. मंजुरीपत्रात तारखा लिहून घ्या, तोंडी नको.

पीक कर्जाला हात लावू नका. हे मी जरा जोर देऊन सांगतो. तीन लाखापर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि वरून राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना, दोन्ही मिळून शून्य टक्क्याने पडते. यापेक्षा स्वस्त पैसा तुम्हाला आयुष्यात दुसरीकडं भेटणार नाही. ते लाख रुपये लोखंडात अडकले, मुदतीत भरता आले नाही, की सवलत गेली, खातं थकलं, आणि पुढच्या जूनला नवीन पीक कर्जही अडलं.

अनुदानाचं पण असंच. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टरला अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना एक लाखापर्यंत असं चालत आलंय, अर्ज करताना चालू रक्कम कृषी सहायकाकडून पाहून घ्या. शेतकरी ओळखपत्र आधी काढा, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. आणि पूर्वसंमती येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान विसरा. तुमच्या ११ एकराच्या सातबाऱ्यावर सवलत कमी बसत असेल आणि वहिनींच्या नावाने खरंच वावर असेल तर अर्ज त्यांच्या नावाने जाऊ शकतो. पण हे पैसे खरेदीनंतर खात्यात येतात, म्हणून डाऊन पेमेंटच्या हिशेबात धरूच नका. आले की नांगर आणि कल्टिव्हेटर घ्या.

आता मुख्य हिशेब, घ्यावा की नाही. बँकेचे दोन हप्ते १ लाख ८१ हजार, विमा-सर्व्हिसिंग-ग्रीस-ऑइल २५ हजार धरा, २ लाख ६ हजार झाले. तुम्ही आज ६८ हजार भाडं देता, पण घरचा आला तरी डिझेल तर लागणारच. एकरी सगळी मशागत मिळून १८-१९ लिटर, नव्वदच्या वरचा भाव, १७ एकराचे ३० हजार गेले, म्हणजे खरी बचत ३८ हजार. उरलेले १ लाख ६८ हजार बाहेरच्या भाड्यातून काढायचे. तुमच्याकडं रोटावेटरचे एकरी ११०० चालू आहेत, एकराला तास लागते, डिझेल आणि पात्यांची झीज जाऊन हातात ५०० राहतात, स्वतःची मजुरी न धरता. म्हणजे वर्षाला ३३६ तास, दिवसाला सात तास धरले तर ४८ दिवस भरून काम. पुस्तकात ट्रॅक्टरचं वर्षाचं काम १००० तास धरतात, त्या मानाने हे जास्त नाही. पण तुम्हीच लिहिलं की गावात आधीच १४ ट्रॅक्टर आहेत, आणि कोरडवाहू भागात काम मार्च ते जून आणि मग सोयाबीन निघाल्यावर, बाकी ट्रॅक्टर गोठ्यातच राहते. त्यात उधारी. वावर वाहून घेते जूनमध्ये आणि पैसे देते “कापूस विकला की”. ३३६ तास करायचे आणि पैसे रोख, असे किती लोक भेटतील त्यांची नावं घरच्यांसोबत बसून एका कागदावर लिहा. दहा-बारा पक्की घरं निघत असतील तर घ्या. चार-पाचच निघाली तर यावर्षी नका घेऊ, पेरणीच्या चार दिवसांसाठी एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला आधीच बयाणा देऊन ठेवा, ते स्वस्त पडेल.

घ्यायचं ठरलं तर माझं मत, तिघांपैकी ज्यांचं वर्कशॉप तालुक्यालाच आहे ते दोन ठेवा, ज्याचं ६० किलोमीटरवर आहे आणि वरून महागही पडून राहिलं ते सोडा. मशीन वाईट म्हणून नाही. मिरगाच्या तोंडावर क्लच प्लेटसाठी दोन दिवस गेले तर शेजाऱ्याची पेरणी आणि भाडं दोन्ही जाते. उरलेल्या दोघांत हूड, बंपर, टॉपलिंक, रजिस्ट्रेशन, विमा सगळं धरून जो कमी लिहून देईल तो घ्या, पाच वर्षांनी विकायला दोन्हीला गिऱ्हाईक आहे. आणि बिलावर जीएसटी ५ टक्केच आहे ना ते पाहा, २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ झाला, जुन्या कोटेशनवर पेनाने खाडाखोड करून देत असतील तर नवीन छापून मागा. उत्पादनाचं साल पण पाहा, जुन्या सालाचा उभा असलेला माल देत असतील तर भाव तोडा.

विम्याबद्दल एकच. ट्रॉली घ्याल तेव्हा तिचं रजिस्ट्रेशन आणि विमा वेगळा लागते. कापूस वेचायला बाया ट्रॉलीत बसवून नेतात आपल्याकडं, साध्या शेतीच्या पॉलिसीत त्यांचं कव्हर राहत नाही, आणि काही झालं तर भरपाई तुमच्या वावरावर येते.

बैलजोडी यावर्षी विकू नका. उभ्या कपाशीत डवरणीला म्हणजे कोळपणीला हा ट्रॅक्टर जात नाही, जोडी विकली तर सगळी डवरणी भाड्याने करावी लागेल आणि तो खर्च वरच्या हिशेबात मी धरलेलाच नाही. एक हंगाम दोन्ही ठेवा, दिवाळीनंतर डवरणीचा आणि कुटाराचा म्हणजे बैलांच्या चाऱ्याचा खर्च मांडून मला पाठवा, तेव्हा पाहू. बँकेचं आणि फायनान्सवाल्याचं केएफएस हाती आलं की त्याचे फोटो मात्र आधी पाठवा, सही करायच्या आधी.